डी ब्रॉइन यांच्यावर अर्धा तास बोलायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षात विसाव्या शतकातल्या एका गणितज्ञावर अर्धा तास सेमिनार द्यायचा आहे. ग्राफ थिअरीच्या तासाला 'डी ब्रॉइन क्रम' आवडला होता, म्हणून तुम्ही डच गणितज्ञ निकोलास डी ब्रॉइन यांचं नाव देऊन टाकलंत. आता वाचायला बसलात तर संख्या सिद्धांतात, फरश्यांच्या नक्षीत, लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आणि सिद्धता तपासणाऱ्या संगणकप्रणालींच्या इतिहासातही हेच नाव दिसतंय. तुम्ही विचारता, हा एकच माणूस आहे का? असेल तर यातून काही धागा निघतो का, की जन्म, शिक्षण, नोकरी, शोध अशी सरळ यादी वाचून मोकळं व्हायचं?

माणूस एकच आहे, आणि यादी तेवढी वाचू नका. असे सेमिनार मी बरीच वर्षं ऐकत आलो आहे. जन्मसालापासून सुरुवात झाली की समोरची मुलं पाचव्या मिनिटाला मनानं वर्गाबाहेर गेलेली असतात, मग पुढे कितीही सुंदर गणित आलं तरी ती परत येत नाहीत.

मला तुमची खरी अडचण वेगळी वाटते. काही गणितज्ञांचं आयुष्य एका मोठ्या प्रमेयाभोवती गुंफता येतं. डी ब्रॉइन यांचं तसं नाही. त्यांचं काम विखुरलेलं आहे आणि त्यातला प्रत्येक तुकडा आपापल्या क्षेत्रात महत्त्वाचा आहे. त्यामुळे 'त्यांनी काय काय केलं' हा प्रश्न घेऊन बसलात तर हाती यादीच लागेल. 'ते प्रश्नाला हात कुठून घालत' असं विचारून पाहा. ग्राफ थिअरी आणि विविक्त गणित शिकवताना त्यांचं काम मला पुन्हा पुन्हा वाचावं लागलं, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट ठळक दिसली. प्रश्न सोडवण्याआधी ते प्रश्नाची मांडणी बदलत. अवघड गोष्ट अशा रूपात लिहून काढत की अर्धं काम त्या लिहिण्यातच व्हायचं. तुमच्या अर्ध्या तासाला एवढा धागा पुरतो.

हे माझं वाचन आहे, हेही सांगतो. एखादा संख्या सिद्धांताचा अभ्यासक दुसराच धागा काढेल. उदाहरणं कोणती घ्यायची हे ऐकणाऱ्यांवर ठरेल. वर्गात विश्लेषण शिकणारी मुलं जास्त असतील तर एक निवड, संगणकाकडे ओढा असणारी असतील तर दुसरी. मी माझ्या क्रमानं सांगतो, त्यातून तुम्हाला हवं ते उचला.

आधी आयुष्य, पण झटपट. जन्म ९ जुलै १९१८, द हेग. शिक्षण लायडन विद्यापीठात, नंतर डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात सहायक म्हणून नोकरी. नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातून कोक्स्मा यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट. विषय होता अनेक चलांची मॉड्युलर फलं. १९४४ मध्ये ते आइंडहोव्हनला फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत गेले. १९४६ मध्ये डेल्फ्टला प्राध्यापक, १९५२ पासून ॲमस्टरडॅम विद्यापीठात, आणि १९६० पासून १९८४ मध्ये निवृत्त होईपर्यंत आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात. तिथल्याच गणित विभागात १९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आले, ज्यांचा सर्वांत जवळच्या वाटेचा अल्गोरिदम तुम्ही शिकला असाल. डी ब्रॉइन १७ फेब्रुवारी २०१२ रोजी, ९३ व्या वर्षी न्यूनेन इथे वारले. यातली एकच गोष्ट श्रोत्यांना सांगण्याजोगी आहे: शुद्ध गणितात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस दोन वर्षं इंजिनिअरांच्या शेजारी बसला, आणि पुढे कुणीही आणून दिलेला प्रश्न त्याला कधी हलका वाटला नाही.

आता तुम्हाला आवडलेला क्रम. मराठी श्रोत्यांपुढे बोलणार असाल तर सुरुवात शाळेतल्या व्याकरणाच्या तासापासून करा, कारण इथे खरोखरचा दुवा आहे. वृत्तं शिकताना आपण सगळ्यांनी 'यमाताराजभानसलगा' घोकलेलं असतं. अक्षरं लघु किंवा गुरु. तीन अक्षरांचा एक गण. म्हणजे २ गुणिले २ गुणिले २, एकूण ८ गण. सूत्रातलं कुठलंही अक्षर घ्या आणि पुढची दोन त्याला जोडा, त्या नावाच्या गणाची लगावली मिळते. 'यमाता' म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य गण. 'मातारा' तिन्ही गुरु, म गण. 'ताराज', 'राजभा', 'जभान', 'भानस', 'नसल' आणि शेवटी 'सलगा'. आठही गण एकेकदाच आले, एकही राहिला नाही, एकही दोनदा आला नाही. २४ अक्षरांचा मजकूर १० अक्षरांत बसला.

फळ्यावर लघुसाठी ल आणि गुरुसाठी ग लिहा: ल ग ग ग ल ग ल ल ल ग. शेवटची दोन चिन्हं (ल ग) आणि पहिली दोन (ल ग) सारखीच आहेत. म्हणून शेवटची दोन पुसून उरलेली आठ वर्तुळावर मांडता येतात, आणि त्या वर्तुळात तीन-तीनचे सगळे गट एकेकदा वाचता येतात. हाच लांबी ३ चा डी ब्रॉइन क्रम. माझ्या वर्गात ही मांडणी दाखवली की ज्यांना वृत्तांचा कंटाळा यायचा ती मुलंही वहीत अक्षरं मोजायला लागतात.

पण सूत्र बनवणं आणि 'असं सूत्र नेहमी बनतंच' हे सिद्ध करणं यांत फरक आहे. लांबी ३ ऐवजी ५ किंवा ५० असेल तर? इथे मांडणी बदलते. गण हे बिंदू समजू नका, बाण समजा. बिंदू म्हणून दोन-दोन अक्षरांच्या जोड्या घ्या: लल, लग, गल, गग. लघु-गुरु-गुरु हा गण 'लग' पासून 'गग' कडे जाणारा बाण, कारण त्याची पहिली दोन अक्षरं लग आणि शेवटची दोन गग. असे ४ बिंदू आणि ८ बाण होतात. बिंदू आणि बाणांच्या अशा जाळ्यालाच इथे ग्राफ म्हणायचं. प्रत्येक बिंदूतून दोन बाण निघतात, दोन बाण येतात. आता प्रश्न एवढाच उरतो की प्रत्येक बाणावरून एकदाच जाऊन मूळ जागी येता येईल का. ऑयलरनं १७३६ मध्ये कोनिग्जबर्गच्या पुलांचा प्रश्न हाताळला तेव्हापासून अशा फेऱ्यांची कसोटी गणितज्ञांना ठाऊक आहे: ग्राफ जोडलेला असावा आणि प्रत्येक बिंदूशी येणारे व जाणारे बाण सारखे असावेत. दोन्ही अटी इथे आपोआप पुऱ्या होतात, लांबी कितीही असो.

गण बिंदू मानले असते तर प्रत्येक बिंदूवर एकदाच जाणारी वाट शोधावी लागली असती, म्हणजे हॅमिल्टनचा मार्ग, आणि तो प्रश्न सर्वसाधारण ग्राफमध्ये अतिशय कठीण आहे. वस्तू त्याच, प्रश्न तोच, फक्त कशाला बिंदू म्हणायचं आणि कशाला बाण हे बदललं. श्रोत्यांना हा फरक नीट दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

१९४६ च्या लेखात डी ब्रॉइन याच्या पुढे गेले. असे क्रम किती? पोस्थुमुस नावाच्या अभियंत्यानं लांबी १ ते ५ साठी मोजून पाहिलं होतं: १, १, २, १६, २०४८. त्यावरून त्याची अटकळ होती की लांबी क असेल तर उत्तर २ चा घात येईल, आणि घातांक असेल '२ चा (क−१) वा घात, उणे क'. क = ४ ठेवून पाहा: ८ उणे ४ म्हणजे ४, आणि २ चा चौथा घात १६. क = ६ ठेवलं तर ६,७१,०८,८६४. हाताने मोजून हे कुणालाही पटवता येणार नाही. डी ब्रॉइन यांनी एका लांबीच्या ग्राफमधून पुढच्या लांबीचा ग्राफ तयार केला. जुने बाण हे नवे बिंदू. असं केल्यावर फेऱ्यांची संख्या नेमकी किती पटीनं वाढते ते त्यांनी सिद्ध केलं: जुन्या ग्राफमध्ये म बिंदू असतील तर २ च्या (म−१) व्या घाताइतक्या पटीनं. ४ बिंदूंवरून ८ पट, म्हणून २ चे १६ झाले. ८ बिंदूंवरून १२८ पट, म्हणून १६ चे २०४८. हा हिशेब फळ्यावर दोन ओळींत होतो आणि अतिशय समाधान देतो.

जाता जाता, लांबी ३ साठी क्रम दोनच आहेत. एक आपलं सूत्र आणि दुसरा तेच वर्तुळ उलट्या दिशेनं वाचून.

इथे दोन माणसांची नावं जरूर घ्या. पहिलं फ्लाय सेंत-मारी. या फ्रेंच गणितज्ञानं १८९४ मध्येच ही मोजणी केली होती, पण ती विस्मरणात गेली होती. डी ब्रॉइन यांना ते कळल्यावर त्यांनी १९७५ मध्ये स्वतंत्र टिपण लिहून अग्रमान सेंत-मारी यांना दिला. एव्हाना क्रमाला त्यांचं स्वतःचं नाव चिकटलं होतं. तरी हिशेब चोख करायला त्यांनी लेखणी उचलली, आणि मला हा प्रसंग त्यांच्या कुठल्याही प्रमेयाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरं नाव तातियाना फान आर्डेन-एहरेनफेस्ट. भौतिकशास्त्रज्ञ पाउल एहरेनफेस्ट यांची ही मुलगी. लायडनला १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठात पगारी पद तिनं कधी भूषवलं नाही, संसार सांभाळत गणित करत राहिली. १९५१ मध्ये तिनं आणि डी ब्रॉइन यांनी मिळून कुठल्याही दिशायुक्त ग्राफमधल्या ऑयलर फेऱ्या मोजण्याचं सूत्र दिलं. स्मिथ आणि टट यांचंही काम त्यात धरून चौघांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'बेस्ट' प्रमेय म्हणतात. त्यातला 'ए' तिचा. सेमिनारमध्ये हे नाव अर्ध्या वाक्यात उरकू नका.

'याचा उपयोग काय' असं हमखास कुणीतरी विचारेल. त्यासाठी जनुकसंचाचं उदाहरण तयार ठेवा. डीएनएचा रेणू यंत्राला सलग वाचता येत नाही, एकमेकांवर चढलेले लाखो तुकडे मिळतात. तुकडे बिंदू मानून जोडायला गेलो तर हॅमिल्टनच्या मार्गाची अडचण समोर उभी राहते. २००१ मध्ये पेव्झनर, टँग आणि वॉटरमन यांनी तुकड्यांचे ठरावीक लांबीचे शब्द पाडून ते बाण म्हणून मांडले, आणि प्रश्न ऑयलरच्या बाजूला आला. आज ही रचना 'डी ब्रॉइन ग्राफ' म्हणूनच ओळखली जाते. प्रत्यक्षात वाचनातल्या चुका आणि जनुकसंचातली पुनरावृत्ती यांमुळे काम इतकं सरळ राहत नाही, तेवढं मात्र प्रामाणिकपणे सांगा. आणि 'डी ब्रॉइन यांनी डीएनए वाचण्याची पद्धत शोधली' असं म्हणू नका, ते खरं नाही.

दुसरं उदाहरण लहान आहे, पण वर्गात सर्वांत रंगतं. डी ब्रॉइन यांच्या सात वर्षांच्या मुलाला १×२×४ मापाच्या विटा ६×६×६ च्या खोक्यात भरता येईनात. घनफळ बरोबर जुळतं: २१६ भागिले ८ म्हणजे २७ विटा. तरी बसत नाहीत. का? खोक्याचे २×२×२ चे २७ ठोकळे कल्पा आणि त्यांना बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून काळे-पांढरे रंग द्या. १४ काळे, १३ पांढरे. म्हणजे एकक घनांत ११२ काळे आणि १०४ पांढरे. वीट कशीही ठेवा, तिच्या लांबीच्या दिशेनं सलग चार घरं येतात आणि त्यांत दोन काळी, दोन पांढरी असतात. म्हणून प्रत्येक वीट ४ काळे आणि ४ पांढरे घन व्यापते. २७ विटांना दोन्ही रंगांचे १०८ घन लागतील. ते नाहीत. संपलं. यावरून त्यांनी १९६९ मध्ये सर्वसाधारण प्रमेय प्रसिद्ध केलं: विटेची मापं अशी असतील की प्रत्येक माप पुढच्या मापाला भाग देतं, तर खोकं तेव्हाच भरतं जेव्हा सगळ्या विटा एकाच दिशेनं रचूनही ते भरता येतं. मुलाचं अपयश बघून त्याला 'पुन्हा प्रयत्न कर' न म्हणता बापानं न जमण्याचं कारण शोधलं.

श्रोते विश्लेषणाचे विद्यार्थी असतील तर विटांऐवजी हे घ्या. १ पासून सुरू करून साइन घ्या, आलेल्या उत्तराचं पुन्हा साइन, पुन्हा, पुन्हा. उत्तर शून्याकडे जातं हे दिसतं, पण किती वेगानं? क्ष ऐवजी '१ भागिले क्ष चा वर्ग' या राशीकडे बघा. साइनच्या श्रेणीची पहिली दोन पदं घेऊन हिशेब करा, म्हणजे कळतं की प्रत्येक पायरीला ही राशी सुमारे १/३ नं वाढते. म्हणून क पायऱ्यांनंतर ती साधारण क/३, आणि मूळ उत्तर साधारण ३/क चं वर्गमूळ. शंभर पायऱ्यांनंतर ०.१७ च्या आसपास. कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहा. हा प्रश्न त्यांच्या १९५८ च्या 'ॲसिम्प्टॉटिक मेथड्स इन ॲनालिसिस' या पुस्तकात आहे. ते पुस्तक नियमांपेक्षा उदाहरणांवर चालतं आणि प्रत्येक उदाहरणात कुठलं रूप का निवडलं ते सांगतं. त्यांची एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर हे पुस्तक वाचा.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक व्याख्यानांत तो शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो. १९६७ पासून त्यांनी 'ऑटोमॅथ' या भाषेवर काम सुरू केलं. उद्देश असा की गणितातलं कुठलंही विधान आणि त्याची सिद्धता अशी लिहायची की संगणकानं ती ओळ न् ओळ तपासावी. सिद्धता शोधणं माणसाकडेच राहील, तपासणं यंत्राकडे. त्या काळी संगणकाकडे लोक मुख्यतः आकडेमोडीचं यंत्र म्हणून बघत होते, हे लक्षात घ्या.

यात पहिला अडथळा अगदी क्षुल्लक वाटावा असा: चलांची नावं. 'असा ब आहे, की ब हा अ पेक्षा मोठा आहे' हे पूर्णांकांबद्दलचं विधान अ कुठलाही असला तरी खरं आहे. आता अ च्या जागी 'ब + १' ठेवा, जिथे हा ब बाहेरचा कुणी वेगळाच आहे. झालं, 'असा ब आहे, की ब हा ब + १ पेक्षा मोठा आहे'. खरं विधान खोटं झालं, कारण बाहेरचा ब आतल्या ब च्या तावडीत सापडला. माणूस अशा वेळी मनातल्या मनात नाव बदलून घेतो. यंत्राला ते नियमांत सांगावं लागतं आणि ते नियम किचकट होतात. १९७२ च्या लेखात डी ब्रॉइन यांनी नावंच काढून टाकली. नावाच्या जागी आकडा लिहायचा: आपण उभे आहोत तिथून बाहेर मोजत गेलं तर कितव्या घोषणेतला हा चल आहे. 'प्रत्येक अ साठी असा ब आहे, की ब हा अ पेक्षा मोठा' हे मग 'प्रत्येकासाठी, आहे असा: [१] > [२]' असं लिहिलं जातं. कंसातला १ म्हणजे सर्वांत जवळची घोषणा, २ म्हणजे त्याबाहेरची. वाचायला हे विचित्र लागतं, आणि माणसांनी असं लिहावं असा त्यांचा आग्रहही नव्हता. पण नावं वेगळी आणि अर्थ एक अशी दोन विधानं आता अक्षरशः एकच दिसतात. या आकड्यांना आज 'डी ब्रॉइन इंडेक्स' म्हणतात.

दुसरा विचार आणखी खोल आहे. विधानाला 'प्रकार' समजा आणि सिद्धतेला त्या प्रकारची 'वस्तू'. 'अ असेल तर ब' याची सिद्धता म्हणजे असं फल, जे अ ची सिद्धता घेतं आणि ब ची सिद्धता परत देतं. मग 'ही सिद्धता बरोबर आहे का' याचा अर्थ 'ही वस्तू या प्रकारची आहे का' एवढाच होतो, आणि ते यंत्राला ठोकळेबाज पद्धतीनं तपासता येतं. हीच कल्पना तर्कशास्त्रज्ञ हॉवर्ड यांनाही साधारण त्याच सुमारास स्वतंत्रपणे सुचली होती. ऑटोमॅथची परीक्षा यूटिंग या विद्यार्थ्यानं घेतली. एडमुंड लांडाऊ यांचं १९३० चं एक पुस्तक नैसर्गिक संख्यांच्या गृहीतकांपासून वास्तव आणि संमिश्र संख्यांपर्यंत पायरी पायरीनं जातं. ते संपूर्ण पुस्तक त्यानं ऑटोमॅथमध्ये उतरवलं आणि यंत्राकडून तपासून घेतलं. त्याचा प्रबंध १९७७ चा.

मी आता विद्यार्थ्यांना लीन या सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीत छोट्या सिद्धता लिहायला लावतो. दोन सम संख्यांची बेरीज सम असते, इतक्या साध्या. पहिल्या तासाला त्यांची चिडचिड होते, कारण 'उघड आहे' असं म्हणून पुढे सरकता येत नाही. पण नेमकी कुठली पायरी आपण न तपासता गृहीत धरत होतो हे ज्याला एकदा दिसलं, त्याच्या कागदावरच्या सिद्धताही सुधारतात, हा माझा पक्का अनुभव आहे. लीन किंवा रॉक (ज्याला परवापर्यंत कॉक म्हणत) यांच्या मुळाशी 'विधान म्हणजे प्रकार' हीच कल्पना आहे. २००५ मध्ये गोंतिए यांनी चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता कॉकमध्ये तपासून दाखवली ती याच वाटेनं. आणि 'डी ब्रॉइन कसोटी' म्हणून ओळखला जाणारा निकष तर आज फार कामाचा आहे: सिद्धता कुणीही, कशीही तयार केलेली असो, तिची तपासणी इतक्या छोट्या आणि साध्या प्रोग्रामनं व्हावी की तो प्रोग्राम माणसाला स्वतः वाचून पडताळता यावा. यंत्रं स्वतःच सिद्धता लिहून देऊ लागली आहेत, तेव्हा विश्वास कशावर ठेवायचा याचं उत्तर यात आहे.

फरश्यांचं प्रकरण वेळ उरला तर घ्या, पण चित्रं दाखवता येणार असतील तरच. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरली, तेव्हा स्टेडेलिक संग्रहालयात चित्रकार एशर यांचं प्रदर्शन भरवण्यात डी ब्रॉइन यांचा पुढाकार होता. परिषदेला आलेल्या रॉजर पेनरोज या तरुणानं ते पाहिलं आणि तो भारावला. १९७० च्या दशकात पेनरोजनी अशा फरश्या शोधल्या ज्यांनी अख्खं प्रतल भरतं, पण नक्षीची नियमित पुनरावृत्ती कधीच होत नाही. १९८१ मध्ये डी ब्रॉइन यांनी त्या फरश्यांचं बीजगणित दिलं. समान अंतरावरच्या समांतर रेषांचे पाच संच घ्या, एकमेकांशी ७२ अंशांनी फिरवलेले. जिथे दोन रेषा छेदतात तिथे एक समभुज चौकोन, ज्याच्या बाजू त्या रेषांना लंब. रेषांचे संच किती सरकवायचे याची एक अट पाळली की सगळे चौकोन एकमेकांना चिकटून पेनरोजची नक्षी तयार होते. एकेक फरशी जुळवत बसण्याचा प्रश्न रेषांच्या छेदबिंदूंचा झाला. पुढच्याच वर्षी शेख्टमन यांना प्रयोगशाळेत अशाच पुनरावृत्ती नसलेल्या रचनेचा मिश्रधातू दिसला, आणि २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रीमान गृहीतकाशी जोडलेला डी ब्रॉइन-न्यूमन स्थिरांक मात्र वगळा, असं मी सुचवेन. १९५० चं त्यांचं काम, १९७६ मधली न्यूमन यांची अटकळ आणि २०१८ मध्ये रॉजर्स व ताओ यांनी दिलेली तिची सिद्धता ही साखळी आकर्षक आहे. पण झीटा फल न समजावता ती सांगितली तर श्रोत्यांच्या पदरात फक्त मोठी नावं पडतात, आणि समजावायला घेतलं तर तुमचा अर्धा तास तिथेच संपतो. हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डिश यांच्याबरोबरची प्रमेयंही सुंदर आहेत, ती प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. कुणी विचारलंच तर हे एक सांगा: प्रतलावर क बिंदू घेतले आणि ते सगळे एका रेषेत नसले, तर त्यांना जोडणाऱ्या निदान क वेगवेगळ्या रेषा असतातच.

वेळेचं म्हणाल तर पहिली बारा-तेरा मिनिटं यमाताराज आणि त्यातून निघणाऱ्या ग्राफला द्या. विटा किंवा साइन यांपैकी एकच घ्या, पाच मिनिटांत. उरलेला वेळ ऑटोमॅथला. जीवनपट एका स्लाइडवर ठेवा आणि तो वाचून दाखवू नका. तयारी म्हणून लांबी ४ चा एक क्रम स्वतःच्या हातानं, ग्राफ काढून, शोधा: ८ बिंदू, १६ बाण. मग सेमिनारच्या आदल्या दिवशी सूत्रासारखी १९ चिन्हांची ओळ वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवा आणि सांगा की चार-चार अक्षरांचे सोळाही गट यात आहेत, तपासून या. जी मुलं तपासून येतील ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसतील. क्रम शोधताना अडलात तर तुमचा ग्राफ इथे टाका, कुठे अडलंय ते बघू.